फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटर का मंदावतो आणि कुठं बघायचं

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, स्लो झालेला कॉम्प्युटर दुकानात नेला की बहुतेक वेळा पहिला उपाय ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकूया.’ मशीन काही दिवस चांगलं पळतं आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा होतं तिथंच येतं. विंडोज ही लोखंडाची वस्तू नव्हे, ती गंजत नाही. बदलतं ते तिच्याभोवतीचं. मशीन चालू होताना सोबत उठणारे प्रोग्रॅम वाढतात, डिस्क भरते किंवा खराब होऊ लागते, ब्राउझर दरवर्षी जास्त रॅम मागतो, पंख्यात धूळ बसते. फॉरमॅटनं प्रोग्रॅमची गर्दी आणि डिस्कवरचा पसारा तेवढा जातो. धूळ, अपुरी रॅम आणि मरायला टेकलेली हार्डडिस्क होती तशीच राहते.

म्हणून बिनखर्चाच्या गोष्टी आधी, पैसे लागणाऱ्या नंतर आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी. खालच्या सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

सुरुवातीला एक काम करा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान दिसेपर्यंत किती वेळ जातो तो वहीत लिहा. पुढं प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा. चार उपाय एकदम केले तर कुठला लागू पडला ते कळणार नाही.

पायरी १: मशीन खरोखर बंद होतं का?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जाऊन ‘सीपीयू’ निवडा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याच्या मशीनवरही तिथं ‘२३ दिवस’ दिसू शकतं. विंडोज ८ पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ हे त्यामागचं कारण. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. एखाद्या ड्रायव्हरमध्ये (मशीनचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) गडबड असेल तर तीही रोज सकाळी सोबत उठते.

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’. शट डाउन आणि रीस्टार्ट एकच, असं अनेकांना वाटतं, पण गाभा नव्यानं सुरू होतो तो रीस्टार्टमध्ये. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी चालतं.

डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून दहादा ‘रिफ्रेश’ मारण्याची सवय मात्र सोडायला हरकत नाही. त्यानं फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात, रॅम मोकळी होत नाही.

पायरी २: कुठं अडकलंय ते वाचा

मशीन हँग मारत असतानाच टास्क मॅनेजर उघडा. चालू केल्यापासून पहिली दहा मिनिटं सोडून द्या, तेव्हा गडबड असतेच. ‘प्रोसेसेस’मध्ये वरती चार आकडे दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क.

डिस्क १०० टक्के आणि बाकी सगळं निवांत असेल तर पायरी ४ वाचा. मेमरी ८५-९० च्या वर असेल तर पायरी ५. सीपीयू १०० टक्के असेल तर त्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. अँटिव्हायरस किंवा विंडोज अपडेट असेल तर तासभर थांबा. अनोळखी नावाचा प्रोग्रॅम असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच आकडा झपकन खाली येत असेल, तर संशय घ्या. फुकटच्या ॲक्टिव्हेटरसोबत (लायसन्स नसलेलं सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्रॅम) आलेले, तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो-नाणी काढणारे प्रोग्रॅम असे लपतात. ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते.

चारही आकडे कमी असूनही मशीन रखडत असेल तर थेट पायरी ६ वर जा, बहुधा उष्णता आहे. आणि फक्त ब्राउझरच स्लो असेल तर आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. नेट मंद असताना कॉम्प्युटरला शिव्या खाव्या लागतात.

पायरी ३: सोबत उठणारी वरात

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा. उतारे, दाखले, आधारची कामं करणाऱ्या सेंटरच्या मशीनवर इथं हमखास वीस-पंचवीस नावं निघतात. दोन प्रिंटर, त्यातला एक कधीच विकलेला. स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, व्हिडिओ कॉलचं ॲप, तीन वेगवेगळे अपडेटर. शिवाय ट्रायल संपलेला अँटिव्हायरस.

चालू ठेवायचं ते असं: अँटिव्हायरस (एकच), अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस, सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर. रोज कन्नड टाइप करत असाल तर नुडी किंवा बरहा. बाकी सगळ्यांवर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’. यानं प्रोग्रॅम डिलीट होत नाही, फक्त स्वतःहून उठत नाही. चुकून कामाचा बंद झाला तर तिथंच ‘एनेबल’ करता येतो. प्रिंटरचं ॲप बंद केलं तरी प्रिंट निघते, कारण ड्रायव्हर वेगळा असतो.

दोन अँटिव्हायरस एका मशीनवर नकोत. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही ती तपासतात, आणि एकमेकांनाही. ट्रायल संपलेला काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो.

पायरी ४: डिस्क

जुन्या मशीनचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं, म्हणून थोडं सविस्तर.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा सरकतो. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. काटा सरकायला साधारण १२. म्हणजे विखुरलेली एक बारीक फाइल वाचायला १७-१८ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम पंचावन्न-साठ वाचनं. प्रत्येक वाचन ४ किलोबाइटचं धरलं तर सेकंदाला अडीचशे किलोबाइटसुद्धा नाही! मोठा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट देते, कारण तेव्हा काट्याला उड्या माराव्या लागत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क १०० टक्के’ आणि वेग मात्र १ एमबी दिसतो, त्याचा अर्थ हा.

साखर कारखान्याच्या गेटवर ऊसगाड्यांची रांग लागते तेव्हा गाळप कमी पडलेलं असतंच असं नाही, वजनकाट्यावर एका वेळी एकच ट्रॉली चढते. हार्डडिस्क हा तो वजनकाटा. स्टार्टअपचे वीस प्रोग्रॅम एकदम उठले की सगळे तिथं उभे.

वर्षांगणिक यात दोन गोष्टींची भर पडते. फाइली तुकड्या-तुकड्यांत विखुरतात. आणि तबकडीच्या बाहेरच्या कडेचा वेग आतल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट असतो. बाहेरची जागा साधारणपणे आधी वापरली जाते, त्यामुळं डिस्क भरत गेली की नव्या फाइली आतल्या, मंद भागात जातात.

आता करायचं काय? आधी जागा मोकळी करा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा. यादीत ‘डाउनलोड्स’वर खूण असेल तर ती काढा, नाहीतर गिऱ्हाइकांचे दाखलेही जातील. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं आणि जुन्या आवृत्तीकडं परतायचं नसेल तर ते काढायला हरकत नाही, कित्येक जीबी मिळतात. सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा रिकामी हवी. २५६ जीबीच्या एसएसडीवर (तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क) विंडोज २३८ जीबी दाखवतं, त्यात ४० च्या आसपास मोकळे ठेवा.

व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘प्रीफेच फोल्डर रिकामा करा’ हा सल्ला उलटा आहे. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइली मागतो याची टिपणं त्या फोल्डरमध्ये असतात. ती पुसली की पुढची सुरुवात आणखी मंद. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरनं वेग वाढत नाही, एखादा प्रोग्रॅम मात्र मोडू शकतो. आणि विंडोज फोल्डरातलं ‘विनएसएक्सएस’ कितीही मोठं दिसलं तरी हातानं त्यातलं काही डिलीट करू नका.

मग डिस्कची तब्येत बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ सांगतं. पिवळं ‘कॉशन’ आलं तर वेग विसरा आणि आधी डेटा दुसरीकडं घ्या. खराब झालेला सेक्टर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढे सेकंद सगळं मशीन गोठतं. कटकट असा आवाज येत असेल तर डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं), फॉरमॅट काहीही करू नका. त्या धावपळीत डिस्क कायमची जाऊ शकते.

डिस्क धडधाकट असेल तर स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट’ टाइप करून ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ चालवा, हार्डडिस्कला त्याचा उपयोग होतो. एसएसडीला तीच विंडो वेगळी वागणूक देते, मोकळी जागा कुठली ते फक्त डिस्कला कळवते, आणि हे आठवड्याला आपोआप होतं. एसएसडीवर बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर चालवू नये.

तरीही आमचं मत सरळ आहे: विंडोज १० किंवा ११ हार्डडिस्कवर चालवणं आता परवडत नाही. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर एसएसडीवर घाला. काटा नाही, तबकडी नाही. सतरा मिलिसेकंदांच्या जागी ०.१ च्या आसपास. जुन्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी बसते. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची जागा असेल तर तिथं कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून जुनी हार्डडिस्क साठवणीला ठेवता येते. कॅडी घेण्याआधी जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन येतात.

पायरी ५: रॅम

विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची, ६४ बिटच्या विंडोज ७ ला २ जीबी, विंडोज ११ ला ४ जीबी. हे किमान आकडे, कामाचे नव्हेत. ४ जीबीच्या मशीनवर निम्मी रॅम विंडोजच खातं. उरलेल्यात ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की जादा माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकला जातो. तिथं पुन्हा तोच वजनकाटा.

टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर ‘कमिटेड’ असा ५.८/६.१ सारखा आकडा असतो. डावा आकडा सतत उजव्याला चिकटलेला असेल तर रॅम खरोखर कमी आहे. त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि स्पीड दिसतो, त्याचा फोटो घेऊनच दुकानात जा. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर३ मध्येही काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टची ‘एल’ असलेलीच लागते. आठ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन जास्त वेग देतात, पण पुढं वाढवायचं असेल तर एक घेऊन दुसरा स्लॉट राखा.

पैसे नसतील तर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स काढा. महाराष्ट्राचा सातबारा आणि कर्नाटकाची पहाणी दोन्ही काढून देणाऱ्यांच्या ब्राउझरवर पीडीएफ जोडणारी, फोटो लहान करणारी चार-पाच हमखास चिकटलेली असतात.

पायरी ६: धूळ आणि उष्णता

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर ‘बेस स्पीड २.४०’ लिहिलेलं असताना जड कामात चालू वेग ०.८ किंवा १.१ वर अडकलेला दिसला, तर हेच चाललंय.

आपल्याकडं धुळीच्या जाती वेगळ्या. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीची बारीक काळी धूळ, ती लोहयुक्त असली तर वीज वाहून नेऊ शकते. शहापूर-वडगावात मागाच्या सुताचे तंतू. पंखा आणि जाळीच्या मधे ते गोधडीसारखे बसतात आणि हवा पूर्ण अडते. निपाणीत तंबाखूची पूड. जांबोटी-कणकुंबीकडं धुळीपेक्षा दमट हवा. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बंद राहिलेल्या मशीनच्या रॅमच्या पट्ट्यांवर डाग धरतात आणि मशीन बीप देत बसतं. तिथं दिवसाआड तासभर चालू ठेवणं हाच उपाय.

साफ करायची रीत: वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मशीन अंगणात घ्या. पंख्याची पाती पेन्सिलनं अडवा आणि मग ब्लोअर मारा. पाती भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं. लॅपटॉपला बाहेरून हवा मारल्यानं ती गोधडी आतच सरकते, खालचं झाकण उघडून जाळीच्या बाजूनं काढावी लागते. रॅमची सोनेरी कड पेन्सिलच्या खोडरबरानं हलकेच पुसा. घरचा व्हॅक्यूम क्लिनर बोर्डाला लावू नका, स्थिर विजेचा धोका असतो.

मशीन चार-पाच वर्षांचं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून नवी लावा. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पुरते, थापायची नाही. घरातलं मशीन वर्षातून एकदा, कारखान्यातलं किंवा मागाच्या घरातलं तीन महिन्यांनी उघडा.

वेग अडकलाय आणि मशीन थंडही आहे? मग चार्जर बघा. काही लॅपटॉप बाहेरचा किंवा कमी वॉटचा चार्जर ओळखत नाहीत आणि मुद्दाम सगळ्यात खालच्या वेगावर चालतात. ओरिजिनल चार्जर लावला की लगेच फरक दिसतो.

वीज

वळवाच्या पावसात दुपारी वीज जाते-येते, आणि प्रत्येक वेळी अर्धवट लिहिलेली फाइल मागं राहते. विंडोजची फाइल पद्धत फोल्डरांची मांडणी सावरून घेते, फाइलच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. यूपीएस असूनही वीज जाताच मशीन बंद पडत असेल तर बहुधा बॅटरीच बदलायची असते.

डीटीपीवाल्यांसाठी: फाँट

मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पत्रिका आणि फलक करणाऱ्यांच्या मशीनवर हजार-दीड हजार फाँट सहज असतात. फाँट वापरणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला सुरू होताना ही सगळी यादी वाचावी लागते, म्हणून कोरलड्रॉ उघडायला मिनिट लागतं. लागणारे दीडशे-दोनशे ठेवा, उरलेले एका फोल्डरात कॉपी करून मगच फाँट्समधून काढा. निर्मला यूआय आणि सेगो यूआय यांना हात लावू नका, विंडोज स्वतः ते वापरतं.

अपडेट

रोज दोनच तास चालणाऱ्या मशीनवर अपडेट कधी पुरं होत नाही, दरवेळी उचल खातं आणि अर्ध्यावर मरतं. महिन्यातून एक रात्र नेटसकट चालू ठेवा. अपडेटनं काही मशीन खरंच मंदावतात, हा निव्वळ भ्रम नाही: जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले, त्यावरच्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रोसेसरचा वेग थोडा घटला. तरी त्या काढून टाकू नयेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानं मशीन स्लो होत नाही, असुरक्षित होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

शेवटी, फॉरमॅट करायचंच असेल तर

डी ड्राइव्ह सुरक्षित असतो एवढ्यावर विसंबू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही बहुतेक मशीनवर सी मध्येच असतात. बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं ते असं: हे तीन फोल्डर, टॅलीचा डेटा आणि लायसन्सचा तपशील, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचं इन्स्टॉलर. जुने, युनिकोड नसलेले मराठी-कन्नड फाँट तर आठवणीनं घ्या. तो फाँट हरवला की वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली उघडतात, पण अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर लिहा.

मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि त्यावरून विंडोज टाका. मशीनसोबत खरं विंडोज आलं असेल आणि तीच एडिशन टाकली तर लायसन्स बहुधा मदरबोर्डवरून ओळखलं जातं, लायसन्सची की टाकावी लागत नाही. नेटचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, वायफाय चालू झालं नाही तर बाकीचं उतरवायला मार्ग राहत नाही.

नवं विंडोज पहिले दोन दिवस अपडेट उतरवत आणि फाइलींची अनुक्रमणिका करत असतं, डिस्क तेव्हाही शंभरवर दिसते. स्टॉपवॉच तिसऱ्या दिवशी लावा.